१००% चार्ज दाखवणारी "नवीन" बॅटरी, लॅपटॉपची बॅटरी बदलायच्या आधी हे वाचा (नाशिक)

माझी वहिनी इंदिरानगरला घरीच दहावीच्या ट्यूशन घेते, नोट्स, पेपर सगळं एका जुन्या लॅपटॉपवर. बॅटरी टिकेना म्हणून तिने एमजी रोडवरच्या एका दुकानातून बदलून घेतली, ३,२०० रुपये, "ओरिजिनल आहे ताई, सहा महिने वॉरंटी" असं नुसतं तोंडी आणि हातात कच्चं बिल. थोड्याच दिवसात परत तेच रडगाणं. रात्रभर लावून ठेवलं की सकाळी १००% दाखवणार आणि लाइट गेली की क्लास चालू असताना भराभर खाली येत ३५% वरून डायरेक्ट बंद.

ती परत गेली तर त्याने लॅपटॉप चार्जिंगला लावला, १००% झालेलं दाखवलं आणि म्हणे बॅटरी ओके आहे, तुमचं विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावा लागेल, ८०० रुपये. तिने तेही दिले. मला खरा संताप ह्याचा आहे, कारण रोज बॅटऱ्या विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं की त्या १००% ने काहीच सिद्ध होत नाही.

टक्केवारी असते ती बॅटरीत आज जेवढं मावतं त्याच्या हिशोबाने, नवीन असताना मावायचं त्याच्या नाही. टाकीच्या तळाला गाळ साचला तरी टाकी काठोकाठ भरलेलीच दिसते ना, तसं. लिथियम आयन बॅटरी वापराने झिजते आणि नुसती पडून राहिली तरी झिजते, आत इलेक्ट्रोडवर थर जमत जातो, त्यात लिथियम अडकतं आणि चार्ज कमी मावतो. वर आतला रेझिस्टन्स पण वाढतो, म्हणून जरा लोड आला की व्होल्टेज एकदम पडतं आणि टक्के शिल्लक असताना लॅपटॉप बंद होतो. गरमी आणि कायम १००% वर चार्जरला लावून ठेवणं ह्याने हे अजून लवकर होतं.

वहिनी म्हणाली "भाऊजी, तुम्हीच बघा बाई आता", तेव्हा मी विंडोजमधला बॅटरी रिपोर्ट काढला. कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट (जोडून) टाइप करून एंटर, फाइल कुठे सेव्ह झाली ते तिथेच येतं. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असताना मावायचं ते) ४१,०४० आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज मावतं ते) १८,२०० मिलीवॉट अवर. निम्मी पण नाही! आणि सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, ४१२, "नवीन" बॅटरीचा! मग मागचं झाकण काढलं तर स्टिकरचा एक कोपरा उचललेला आणि खाली दुसरं, पिवळं पडलेलं लेबल. वरच्या स्टिकरवर ११.४ व्होल्ट, ५,२०० एमएएच आणि ४१ वॉट अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर अवर म्हणजे वॉट अवर, आणि ५,२०० एमएएच म्हणजे ५.२ अँपिअर अवर. गुणाकार करून बघा, ११.४ गुणिले ५.२ म्हणजे ५९ च्या वर येतं, ४१ येईलच कसं? बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) मार्क आणि आर ने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर असतो तोही नव्हता.

रिपोर्ट दुकानात दाखवला तर मालक म्हणे असले रिपोर्ट काही खरे नसतात. अर्धे पैसे घ्या आणि विषय संपवा म्हणाला, वहिनीने साफ नाही सांगितलं.

तुम्ही घ्याल तेव्हा पक्कं बिल मागा, त्यावर बॅटरीचा सिरियल नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या, आणि रिपोर्ट दुकानातच काढा. पण नुसत्या रिपोर्टवर पण जाऊ नका, काही जण बॅटरीतल्या चिपमधले आकडे रीसेट करून देतात. चार्जर काढून, ब्राइटनेस फुल करून व्हिडिओ लावा आणि तिथेच बसून बघा किती टक्के उतरतात, घाई करू देऊ नका. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलीये, तो लॅपटॉप अजिबात चार्जिंगला लावू नका.

आम्ही १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीये, कच्चं बिल, रिपोर्ट आणि दोन्ही स्टिकरचे फोटो जोडलेत. एमजी रोडवरून कोणी बॅटरी बदलली असेल तर आजच रिपोर्ट काढून सायकल काउंट बघा आणि असंच निघालं तर बिल फेकू नका, मला सांगा, तक्रार कशी टाकायची ते मी सांगतो.