शरणपूर रोडजवळचा संध्याकाळचा बायबल अभ्यासवर्ग, प्रश्न पडणाऱ्यांनी नक्की जावं असा

नाशकात बायबल क्लास बरेच आहेत पण एकच प्रसंग चार शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं) वेगवेगळा का सांगितलाय असं विचारलं की बहुतेक ठिकाणी "विश्वास ठेवा" एवढ्यावर भागवतात, म्हणून या वर्गाबद्दल मुद्दाम लिहितेय. मोठ्या कागदावर चार रकाने, मत्तय मार्क लूक योहान, आणि प्रत्येक रकाना आधी एकटा वाचायचा, जुळवाजुळव नंतर.

शताधिपतीचा, म्हणजे आजारी चाकरासाठी येशूची मदत मागणाऱ्या रोमी लष्करी अधिकाऱ्याचा, धडा तर फारच छान झाला. मत्तयात तो स्वतः येशूकडे येतो, लूकमध्ये तो समोर येतच नाही, आधी यहूद्यांची वडीलधारी मंडळी पाठवतो आणि मग मित्र. सर म्हणाले मत्तय गोष्ट आटोपशीर सांगतो, मधली माणसं गाळतो, आणि लगेच याईराची मुलगी (येशू जिला जिवंत करतो ती) काढून दाखवली, मार्कमध्ये ती मरायला टेकलीय आणि गेल्याचा निरोप वाटेत येतो, मत्तयात बाप आल्याआल्याच ती आत्ताच मेली म्हणतो. दोन्ही पानं शेजारी ठेवल्यावर मत्तयाची सवय आपली आपल्याला दिसते, कुणी पटवून द्यावं लागत नाही.

येशू ज्याला दृष्टी देतो त्या आंधळ्या बार्तीमयाचं मात्र मला पूर्ण पटलं नाही. मार्कमध्ये हे येशू यरीहो गावातून बाहेर पडताना घडतं, लूकमध्ये जवळ येताना, आणि मत्तयात आंधळे दोन. जुनं यरीहो आणि हेरोद राजाचं नवं यरीहो, एकातून निघून दुसऱ्याजवळ येताना, असा खुलासा करतात पण तो ओढूनताणून वाटतो. सरांनीही तो फक्त एक शक्यता म्हणून सांगितला, हे बरं केलं. पेत्राचंही तसंच, हा शिष्य कोंबडं आरवायच्या आत येशूला ओळखत नाही म्हणतो, ते कोंबडं मार्कमध्ये दोनदा आरवतं म्हणून काही लोक पेत्राने सहा वेळा नाकारलं इथपर्यंत जातात, अहो पण चारही जण तीनदाच म्हणतात ना! येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दल तर सरळ सांगितलं की मत्तयात गळफास आणि 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधल्या पुस्तकात शेतात पडून मृत्यू, दोर तुटला असेल हे वचनात कुठेच लिहिलेलं नाही. एवढा प्रामाणिकपणा मी दुसरीकडे बघितला नाही.

तातियान नावाच्या ख्रिस्ती लेखकाने इ.स. 170 च्या सुमारास चारांचं मिळून एक शुभवर्तमान केलं होतं, सिरियाकडच्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) ते बराच काळ चाललं पण शेवटी चार वेगळीच राहिली, ही माहिती पण इथेच मिळाली. मला तर यातच उत्तर दिसतं, मंडळीला फरक माहीत होते तरी तिने ते पुसले नाहीत.

तक्रार एकच. पुनरुत्थानाची सकाळ, म्हणजे बायका येशूच्या रिकाम्या कबरीपाशी जातात तो प्रसंग, एकाच बैठकीत उरकली. योहानात मग्दालीया मरीया एकटी दिसते पण पेत्राला सांगताना "आम्हांला ठाऊक नाही" म्हणते, मार्कमध्ये तिघी, मत्तयात देवदूत एक, लूकमध्ये दोन पुरुष, यावर निवांत बोलायला पाहिजे होतं.

वर्ग मराठीतच असतो, फी नाही. स्वतःचं पवित्र शास्त्र आणि पेन्सिल न्या, मोबाईलवर चार उतारे एकदम नीट दिसत नाहीत.