रास्पबेरी पायला वीज कुठून द्यावी: अडॅप्टर, मोबाइलचा चार्जर, लॅपटॉपचा पोर्ट की पॉवर बँक?

रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक घेताना रॅमचा विचार चार दिवस होतो आणि चार्जर मात्र घरात पडलेला लावला जातो. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकतं, बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो, मेमरी कार्ड खराब होतं.

आधी तुमचा बोर्ड कोणत्या मॉडेलचा ते बघा. झीरो २ डब्ल्यूसाठी कंपनी ५ व्होल्ट, २.५ अँपिअर सांगते. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५.१ व्होल्ट, ५ अँपिअर.

मोबाइलच्या चार्जरवरचा ‘३३ वॉट’ हा आकडा इथे कामाचा नाही. चार्जर उलटा करा आणि बारीक अक्षरांतली ५ व्होल्टची ओळ वाचा. तिथे बहुतेक वेळा २ किंवा ३ अँपिअरच असतात. मोठे वॉट ९ किंवा त्याहून जास्त व्होल्टला मिळतात, आणि पाय ते व्होल्टेज मागतच नाही. लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरचंही तेच. त्यावर पाय ५ सुरू होतो, पण चारही यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलीअँपिअरच देतो. कंपनीच्या मूळ अडॅप्टरवर हीच मर्यादा १.६ अँपिअर होते. पोर्टेबल हार्ड डिस्क लावायची असेल तर पाय ५ साठी मूळ २७ वॉटचा अडॅप्टरच घ्या, इथे पैसे वाचवू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लिहिलेला चांगला चार्जर चालतो. झीरोला जुना २ अँपिअरचाही सहसा पुरतो.

पण खरा घोळ केबलमध्ये असतो. स्वस्त केबलमध्ये बरेचदा २८ गेजची तार असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४२. २ अँपिअर ओढले की एका मीटरमध्येच ०.८ व्होल्ट गळाले! चार्जर ५ देतो, बोर्डाला मिळतात ४.२, आणि ४.६३ च्या आसपास बोर्ड तक्रार सुरू करतो. २२ गेजच्या केबलमध्ये हीच गळती ०.२ व्होल्टवर येते. म्हणून नागपूरच्या बर्डीच्या बाजारात केबल घेताना वेणीदार आवरणाला भुलू नका, गेज विचारा आणि लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.

लॅपटॉप किंवा टीव्हीचा पोर्ट? यूएसबी २ चा पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलीअँपिअरचा, यूएसबी ३ चा ९०० चा. झीरोवर प्रोग्राम लिहून बघण्यापुरतं ठीक, बाकीच्यांसाठी नाही.

लाइन गेली तरी बोर्ड चालावा म्हणून पॉवर बँक लावायची असेल, तर दोन गोष्टी तपासा. चार्ज होताना ती बाहेर वीज देते का, आणि लाइन जाता-येता मध्ये क्षणभर तुटते का? तुटत असेल तर बोर्ड बंदच पडणार. १०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॉट-तास. रूपांतरातली घट धरून ३० धरा. ३ वॉट ओढणारा पाय ४ त्यावर दहा तास चालेल. मात्र नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत ती रात्रंदिवस चार्जवर ठेवू नका. लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि मे महिन्यातल्या नागपुरात अशी खोली तिथवर सहज पोहोचते. अडॅप्टरही उन्हाच्या खिडकीत नको. कित्येकांवर ४० अंशांची मर्यादा छापलेली असते.

जोडणी झाली की बोर्डावर भार टाकून दहा मिनिटं चालवा. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल तार बोर्डावरच्या पिनांच्या पट्टीतल्या पिन २ वर (५ व्होल्ट), काळी पिन ६ वर (ग्राउंड). तारा टेकवताना शेजारच्या पिनला लागू देऊ नका. ४.८ च्या वर दिसलं तर उत्तम. कमी दिसलं तर आधी केबल बदला, चार्जर नंतर.