भंगारातला फॅन कंट्रोलर जुन्या जीपला: ७ महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या तोंडावर बसवला, आता नवतपा सरला. म्हणजे लिहायला हरकत नाही. गाडी जुनी डिझेल जीप, मूळचा पंखा बेल्टवरचा. ठोकलेल्या एका सेडानचा रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा भंगारात मिळाला, श्राउड (भोवतीची चौकट) आणि वेग कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरसकट. मिस्त्री म्हणाले, "काहून कुटाणे करता भाऊ? रिले टाका, थर्मोस्विच टाका, झालं!" पण रिले म्हणजे नुसता चालू-बंद स्विच; त्यावर पंखा एकदम फुल सुटतो आणि सुरुवातीलाच भरमसाट करंट ओढतो. मला हळूहळू चढणारा हवा होता.

कंट्रोलरला दोन जाड तारा बॅटरीच्या, एक बारीक सिग्नलची. सिग्नल मूळ गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) देतो, आणि जीपमध्ये ईसीयूच नाही. मग आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावरून १०० हर्ट्झची पल्स दिली, रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये तापमानाचा सेन्सर बसवला. चाचपडत कळलं ते असं: पल्स १० टक्के वेळ चालू असली की पंखा बंद, ९० ला फुल, आणि सिग्नलच तुटला तरी फुल. या शेवटच्या गुणावर मी जरा जास्तच विसंबलो.

डिसेंबरात रामटेकहून येताना सेन्सरची तार निघाली. हा सेन्सर जितका थंड तितका त्याचा रोध जास्त; तुटलेली तार म्हणजे त्याच्या लेखी कडाक्याची थंडी. आर्डुइनो इमानदारीत 'बंद'ची पल्स पाठवत राहिला. सिग्नल शाबूत, म्हणून कंट्रोलरही निवांत! तापमानाचा काटा लालजवळ गेला तेव्हा उतरून बॉनेट उघडलं. आता प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली आहे: आकडा शून्याखाली गेला की पंखा फुल. नागपुरात इंजिन शून्याखाली जायचं नाही.

एप्रिलमध्ये दुसरी चूक उघडी पडली. तार आखूड पडली म्हणून कंट्रोलर मी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर), सायलेन्सरच्या पाइपाजवळ लावला होता. वर्धा रोडच्या जाममध्ये तो स्वतःच तापून बंद पडायचा, पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना पंख्याचा वारा लागावा म्हणून तर तो श्राउडवर असतो! तार वाढवून परत तिथेच नेला. त्यानंतर नवतप्यात भरदुपारी सीताबर्डीच्या गर्दीतही काटा मधोमध.

कंट्रोलर थेट बॅटरीला जोडलेला, त्यामुळे गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून कटऑफ स्विच लावला. एक तक्रार मात्र उरलीच आहे. क्लॅम्प मीटरवर फुल वेगाला २२ अँपिअर दिसतात. रात्री सिग्नलला थांबलं की हेडलाइट मंदावतात. आयडलिंगला जुन्या अल्टरनेटरचा (गाडीत वीज तयार करणाऱ्या जनरेटरचा) तेवढा दम नाही. मोठा बघतोय, तोही भंगारातच.