मिसळ झणझणीत, आणि आत बसवून देतात

मी घंटागाडीवर हेल्पर. सकाळची फेरी उरकली की भूक अशी लागते की बास. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या या छोट्या मिसळवाल्याकडं आता नेहमीचं जाणं झालंय.

कट झणझणीत, पण नुसता तिखटजाळ नाही. भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचा वास येतो. मटकी अख्खी राहते, गाळ होत नाही. कट पाहिजे तेवढा. ब्रेड मात्र लई बारका, जादाच्या स्लाइस घ्याव्याच लागतात आणि त्याचे पैसे वेगळे.

आता बसण्याचं सांगतो. अंगात कामाचं जाकीट असलं की बऱ्याच ठिकाणी पायरीवरच विचारतात, "पार्सल का?" "नाही" असं कुणीच म्हणत नाही. आत बाकडी रिकामी दिसत असतात, तरी "पार्सल का?" चहा सांगितला तर शेजारच्याला काचेच्या ग्लासात, आपल्याला कागदी कपात, तोही बाहेर उभ्यानं. अशा एका हॉटेलात गल्ल्यामागं शाहू महाराजांचा फोटो आहे, हार रोज ताजा. दलित असून हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं, स्वतः तिथं थांबून सगळ्यांदेखत चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावला. शंभर वर्षं उलटली त्याला. फोटो लावणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं कोल्हापुरात तरी कसं म्हणायचं?

इथला पोरगा म्हणतो, "काका, आत या, पंख्याखाली बसा." पाणी त्याच तांब्यातनं, चहा त्याच ग्लासात. एकदा कट खारट लागला. शेजारी इन-शर्टातले दोघं गप्प खात होते, मी बोललो. दुसरीकडं असतं तर "खायचं तर खा" ऐकलं असतं. इथं मालकांनी चमच्यानं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि आत ओरडले, "मावशी, खारट झालंय ओ, बटाटा टाका दोन!" मला दुसरी प्लेट आली, त्या दोघांनाही. भांडी घासणाऱ्या मावशी गर्दी ओसरली की पुढच्याच बाकड्यावर मिसळ घेऊन बसतात, गिऱ्हाईक असलं तरी.

पाचपैकी चार. एक कापला तो ब्रेडसाठी. मालक, जरा जाड स्लाइसवाली बेकरी बघा की!