थरथर मोजायला मनगटपट्टा की ईएमजी?

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) थरथरीला डॉक्टर एमडीएस-यूपीडीआरएस या मोजपट्टीवर ० ते ४ गुण देतात. तोच गुण संगणकातल्या मॉडेलने सेन्सरचा संकेत पाहून द्यावा, असं काम हाती घेतलं की आधी संकेत कुठला घ्यायचा इथेच अडायला होतं. मनगटावरचा सेन्सरचा पट्टा आणि ईएमजी, मी दोन्ही करून पाहिलंय.

सुरुवात ईएमजीने, म्हणजे त्वचेवर चकत्या (इलेक्ट्रोड) चिकटवून स्नायूतले विद्युत संकेत टिपण्याने केली आणि भाळलोच. हात हलायच्या आधीच स्नायूतली हालचाल दिसते. मनगट वाकवणारा आणि उलट उचलणारा, दोन्ही स्नायू बऱ्याचदा आळीपाळीने ठोके देताना दिसतात; पडद्यावर ते बघत बसावंसं वाटतं. मनगटपट्ट्यातल्या जायरोस्कोप या सेन्सरला यातलं काही कळत नाही. हात किती वेगाने फिरला, एवढंच त्याचं ज्ञान.

माझं घोडं अडलं ते चकत्यांपाशी. सोमवारी लावलेले इलेक्ट्रोड गुरुवारी पुन्हा लावले. पेनाने खुणा केल्या होत्या, तरी एखादा थोडा सरकला असावा, त्यात घाम. माणूस तोच, थरथर डोळ्यांना तेवढीच, पण संकेताची उंची बदलली आणि मॉडेलने एक गुण वाढवून दिला. अशा वेळी पूर्ण ताकदीने मूठ आवळायला लावून त्या प्रमाणात आकडे बसवतात. पण ज्याला ताकद लावणंच जड जातं त्याला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? असं तीन-चारदा झाल्यावर शंका आली, की आपण रोग मोजतोय की चकतीची जागा? तेव्हा खणातला पट्टा बाहेर काढला.

पट्टाही काही साधुसंत नाही. त्यातल्या ॲक्सेलरोमीटरमध्ये (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) गुरुत्वाकर्षण मिसळतं, नुसता हात वळला तरी आकडे हलतात. म्हणून मी भिस्त जायरोस्कोपवर ठेवली. विश्रांतीतली थरथर साधारण ४ ते ६ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४ ते ६ वेळा, त्यामुळे सेकंदाला १०० नोंदी पुरून उरतात. ईएमजीला हजारभर लागतात. दात घासणं मात्र मॉडेलला थरथर वाटू शकतं, तेवढं सांभाळा. पण पट्टा उद्या बोटभर वर बांधला तरी फारसं बिघडत नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

(काहीही निवडा, पण एकाच माणसाच्या नोंदी शिकवणीत आणि चाचणीत दोन्हीकडे जाऊ देऊ नका. अचूकता डोळे दिपवते आणि पहिल्याच नव्या माणसापाशी कोसळते.)

डिस्टोनिया (स्नायू आपोआप आवळून अंग पिळवटणं) किंवा मायोक्लोनस (स्नायूंचे अचानक झटके) तुमचा विषय असेल तर माझं ऐकू नका. परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आवळले जाताहेत का, झटका किती मिलिसेकंदांचा होता, हे पट्टा सांगू शकत नाही. पण थरथरच मोजायची असेल, तीही त्याच माणसाची महिनोन्महिने, तर मी पट्टाच बांधीन. इलेक्ट्रोडचा डबा आहे अजून कपाटात. जेल बहुधा वाळलं असेल.