‘जुनं लाकूड’ म्हणून आलेला गठ्ठा आणि त्यात सापडलेल्या लबाड्या

जुन्या इमारतीतून निघालेलं, उन्हापावसात मुरलेलं लाकूड, अशा वर्णनाने विकलेल्या एका गठ्ठ्याची ही हकीकत आहे. वजन 50 किलो. त्यात पट्ट्या, कठड्याच्या कातीव कांड्या, रंगवलेले दोन ड्रॉवर आणि छापील लेबल चिकटवलेलं एक खोकं. पट्ट्यांच्या चांदण्या, कांड्यांचे मेणबत्तीस्टँड आणि ड्रॉवरमधली छोटी घरकुलं, अशी सणाची सजावट त्यातून करायची होती. फोटोत सगळं अस्सल दिसत होतं. तीन आठवड्यांत चांदण्यांचे सांधे हलायला लागले, एका स्टँडखाली पिठासारखी ढिगुली जमली आणि चांदण्या टांगायची पांढरी सुती दोरी गाठीपाशी गंजाच्या रंगाची झाली. मग एकेक तुकडा कापून, घासून तपासला. जे हाती लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण सणाच्या तोंडावर घाईने लाकूड घेणारे बरेच असतात आणि नेमक्या याच दिवसांत असा माल जास्त खपवला जातो.

आधी करड्या रंगाबद्दल. तो बनवायला एक-दोन दिवस पुरतात. व्हिनेगरमध्ये लोखंडी कीस, म्हणजे स्टीलवूल, एक-दोन दिवस बुडवून ठेवलं की लोहाचं द्रावण तयार होतं. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग झाला की लाकूड करडं-काळं पडतं. पाइनमध्ये टॅनिन कमी असतं, म्हणून त्यावर आधी कडक काळ्या चहाचा हात देतात. यात गैर काहीच नाही; नव्या लाकडाला नवं म्हणून सांगितलं तर ही चांगली रीत आहे. द्रावण जास्त झालं आणि टॅनिन कमी पडलं, तर उरलेलं लोह दमट हवेत गंजतं. दोरीवरचा डाग तोच होता.

‘घासून बघा, खाली पांढरं निघालं तर खोटं’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो चुकीचा आहे. खऱ्या उन्हाने आलेला करडा थरसुद्धा अगदी पातळ असतो. त्यालाही सँडपेपर मारला की खाली स्वच्छ लाकूड लागतं. बघायचं असतं ते रंग कुठे कुठे आहे. भिंतीवर वर्षानुवर्षं ठोकलेली फळी एकाच बाजूने करडी होते, पाठ तपकिरी राहते. तिच्यावर दुसरी फळी चढलेली असेल, तर तिथे सरळ रेषेत रंग बदलतो. आलेल्या पट्ट्या चारही बाजूंनी, दोन्ही टोकांना आणि खिळ्यांच्या भोकांच्या आतसुद्धा सारख्याच करड्या होत्या. ऊन भोकात शिरत नाही, ब्रशने लावलेलं द्रावण शिरतं. काही पट्ट्यांच्या कडेला ओघळसुद्धा वाळलेले होते. काम ताजं असेल, तर गरम पाण्यात पिळलेला फडका पाच मिनिटं ठेवला की आंबट वास येतो.

दुसरी खूण हाताला लागते. उन्हापावसात लाकडाच्या मऊ रेषा आधी झिजतात आणि कडक रेषा उंचावून राहतात, त्यामुळे बोट फिरवलं की बारीक नांगरल्यासारखं वाटतं. तारेच्या ब्रशनेही हे साधतं. पण टॉर्च लाकडाला जवळपास टेकवून आडवा धरा. ब्रश मारलेला असेल, तर मऊ रेषांमध्ये एकाच दिशेचे चकचकीत ओरखडे दिसतात. गाठीपाशी लाकडाच्या रेषा वळतात, हे ओरखडे मात्र सरळ पुढे जातात.

खिळ्यांच्या भोकांनी सगळ्यात जास्त सांगितलं. लोखंडी खिळा लाकडात खूप वर्षं राहिला की भोवती निळसर काळा डाग पसरतो, आणि तो गोल नसतो. रेषांच्या दिशेने लांबट, आडवा अरुंद, ज्योतीसारखा. भोकाच्या मधोमध पट्टी उभी कापली, तर डाग आत खोलवर दिसायला हवा. इथे भोकाभोवती काळा गोल टिपका होता आणि कापल्यावर आत लाकूड कोरं. शिवाय भोकांची मांडणी बघा: दोन्ही टोकांना आणि मध्ये, ठरावीक अंतरावर, दोन-दोन किंवा तीन-तीन. ही मालवाहतुकीच्या पॅलेटची मांडणी. एका पट्टीवर शिक्का रंध्याने काढायचा प्रयत्न झाला होता, पण गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाचा अर्धा भाग उरलाच होता. परदेशी मालवाहतुकीच्या लाकडावर कीड मारायची प्रक्रिया झाली की हे चिन्ह उमटवतात.

पॅलेटचं लाकूड वाईट असतं असं नाही. त्या चिन्हाशेजारी एचटी अक्षरं असतील, तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं दिलेलं असतं. ते सजावटीला चालतं. एमबी असेल, तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नये. शिक्काच खरवडून टाकला की यातलं काहीच कळत नाही. वयाच्या खोट्यापेक्षा ही लबाडी आम्हाला जास्त गंभीर वाटते, कारण त्या लाकडाचा भुसा कापणाऱ्याच्या नाकातोंडात जातो.

आता सांधे का हलले ते. चांदणीच्या पट्ट्या 3 सेंटिमीटर रुंद होत्या आणि एकमेकींत अर्ध्या खाचेने बसवल्या होत्या. ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत आकसतं. या पट्ट्यांत 22 टक्के ओल निघाली. घरात लाकूड साधारण 8 ते 12 टक्क्यांवर स्थिरावतं. एवढ्या फरकात 3 सेंटिमीटरची पट्टी जवळपास 1 मिलिमीटरने अरुंद होते. खाच मोठी पडते, गोंद तडकतो, चांदणी लटलटते. गोंद बदलून, खिळा मारून हे सुटत नाही. खिळ्याने उलट पट्टी चिरते.

ओल मोजायला मीटर असेल तर उत्तम, पण त्याच्या सुया पट्टी कापून ताज्या छेदात टोचा. वरून कोरडं असलेलं लाकूड आतून ओलं असू शकतं. मीटर नसेल तर पट्टीच्या मधून 2 सेंटिमीटरचा तुकडा कापा, लगेच वजन करा आणि 103 अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. 61 ग्रॅमचा तुकडा 50 ग्रॅमवर थांबला, तर घटलेले 11 भागिले कोरडे 50, म्हणजे 22 टक्के. टोकाचा तुकडा घेऊ नका, टोकं आधी वाळतात. वजनावर विकणाऱ्याला ओल्या लाकडाचा फायदा किती, तेही यातूनच कळतं: 22 टक्के ओलीचं 50 किलो लाकूड 10 टक्क्यांवर आलं की साधारण 45 किलो भरतं. 5 किलो नुसतं पाणी विकत घेतलं गेलं.

स्टँडखालची ढिगुली भुंग्याच्या किडीची. गठ्ठ्यात किडीची भोकं भरपूर होती आणि ‘जुनेपणाची खूण’ म्हणून ती मुद्दाम दाखवली गेली. बहुतेक बनावट होती: बारीक ड्रिलने सरळ, काटकोनात, सारख्या खोलीची पाडलेली. खरं भोक 1 ते 2 मिलिमीटरचं असतं, पण आत वाट वळते. मऊ तार घातली की ती थोडी जाऊन अडते. चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. दोन कांड्यांवर खरी भोकं होती आणि ती रंगीत मेणाने बुजवलेली होती. त्यातली अळी जिवंत होती. ही कीड सालीजवळच्या पांढरट लाकडात पोसते आणि अळी महिनोन् महिने आत राहते, त्यामुळे वरून लाकूड निरोगी दिसतं. तुकडा काळ्या कागदावर ठोका आणि आठवडाभर तसाच ठेवा. फिकट, ताजं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. छोटा तुकडा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे 18 ते 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतलं पाणी त्यावर जमतं.

खोकं लवकर उघडं पडलं. कडा सगळीकडे सारख्याच झिजलेल्या. खोकं वापरात झिजतं ते मुठीपाशी आणि तळाच्या कोपऱ्यांवर. ते शंभर वर्षांचं म्हणून सांगितलं होतं आणि बिजागरीला अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू होते, जे 1930 च्या दशकात आले. अतिनील टॉर्चखाली लेबल निळसर पांढरं चमकलं; कागदात अशी चमक देणारी रसायनं साधारण 1950 नंतर रुळली.

ड्रॉवरचा रंग मात्र खरोखर जुना होता, आणि धोका तिथेच होता. पोपड्यांच्या कडा वर वळलेल्या, भेगांत मळ. विक्रेत्याने रंग निर्धोक असल्याचं लिहून दिलं होतं. शिसं ओळखायच्या चाचणीची कांडी खालच्या थरावर घासल्यावर लाल झाली, म्हणजे शिसं. वरच्या थरावर काहीच दिसलं नव्हतं, म्हणून पात्याने लाकडापर्यंत तिरकी खाच पाडून सगळे थर तपासायचे. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 साली बंदी आली. जुन्या रंगीत लाकडाकडे संशयानेच बघावं. असा रंग कोरडा घासू नये, हीटगनने तापवू नये, आणि मुलांच्या हाताला लागेल अशा वस्तूत ते लाकूड वापरू नये.

घेताना एक अट घाला: गठ्ठ्यातल्या तुम्ही निवडलेल्या तीन नगांचा कोपरा कापून बघणार, ताज्या छेदाचा फोटो घेणार, आणि ओल 14 टक्क्यांच्या वर निघाली तर माल परत. लांबून मागवत असाल तर पुढची, मागची आणि टोकाची बाजू असे एकाच पट्टीचे तीन फोटो मागा. या गठ्ठ्याच्या विक्रेत्याकडे कापायची परवानगी मागितली तेव्हा ‘कापलं तर जुनेपण जाईल’ असं उत्तर आलं होतं. चांदणीसाठी पट्टी कापावी लागणारच होती. तिथेच थांबायला हवं होतं.

उरलेल्या करड्या पट्ट्यांपैकी शिक्का खरवडलेली आणि तिच्यासारख्याच भोकांच्या पट्ट्या वापरातून काढल्या. बाकीच्या, पॅलेटची खूण नसलेल्या, मध्ये काड्या ठेवून रचल्या आहेत आणि दर आठवड्याला वजन होतं. सलग दोन आठवडे वजन तेच राहिलं की खाचा नव्याने कापायच्या. त्या चांदण्यांच्या मागे ‘नवं पाइन, रंग लोह-व्हिनेगरचा’ एवढं पेन्सिलीने लिहिलेलं असेल.