गूगल फोटोज: आजीच्या अल्बमसाठी वापरलं, त्याचा अनुभव

आजीच्या अल्बममधले ४१२ फोटो मी स्कॅन करून गूगल फोटोजवर चढवले, तेव्हा आजीचं लग्न आणि भाच्याचा गेल्या आठवड्यातला वाढदिवस एकमेकांशेजारी येऊन बसले. फाइलमध्ये स्कॅन केल्याची तारीख होती, फोटो काढल्याची नाही. मग रोज संध्याकाळी आत्याला फोन करायचा आणि एकेक पान विचारायचं. "तुझा बाबा तेव्हा दुसरीत होता, १९६४ धर," असं ती सांगायची. संगणकावर एका वेळी अनेक फोटो निवडून तारीख बदलता येते, म्हणून हे काम पंधरा दिवसांत उरकलं.

तारखा लागल्या आणि खरं सुख सुरू झालं. चेहऱ्यांवरून फोटो एकत्र करण्याची सोय मी आधी फारशी वापरली नव्हती. आत्याच्या परकरातल्या फोटोपासून आजच्या पांढऱ्या केसांपर्यंतचे बरेचसे फोटो एका नावाखाली आले. जिथे शंका होती तिथे 'हीच व्यक्ती का?' असं मलाच विचारलं गेलं. आत्या तो अल्बम बघून खूप वेळ काही बोललीच नाही.

शेअर करणंही सोपं आहे. अल्बमची लिंक पाठवली की झालं, बघणाऱ्याचं खातं असलंच पाहिजे असं नाही. पण ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम दिसतो, हे घरात सगळ्यांना नीट सांगा. अल्बमच्या सेटिंगमध्ये फोटोचं ठिकाण दाखवायचं की नाही याचं बटण आहे. लहान मुलांचे फोटो असतील तर मी ते आठवणीनं बंद करते.

जागेचं गणित आधी समजून घ्या. मे २०१५ मध्ये ही सेवा आली तेव्हा थोडे आकसलेले फोटो हवे तितके फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. आता १५ जीबी फुकट मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. फोटो कमी जागेत ठेवणारा 'स्टोरेज सेव्हर' पर्याय निवडला तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान केला जातो. मोबाइलच्या रोजच्या फोटोंना ते चालतं. स्कॅन मात्र मी मूळ दर्जातच ठेवले, कारण चुलतभावाला त्यांचे मोठे प्रिंट काढायचे होते.

आईनं एकदा मोबाइलमध्ये जागा करायची म्हणून याच ॲपमधून फोटो पुसले. तिला वाटलं, गूगलवरची प्रत राहील. ती राहत नाही, दोन्हीकडचं जातं. बॅकअप झालेले फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये असतात, त्यामुळे ते परत आणता आले. मोबाइलची जागा मोकळी करण्यासाठी ॲपमध्ये वेगळा पर्याय आहे, तोच वापरावा.

एवढं आवडूनही माझी एकमेव प्रत मी इथे ठेवत नाही. पूर्वी वापरलेली एक फोटोसेवा बंद पडली. तिची सूचना मी उघडणं सोडलेल्या ईमेलवर आली होती आणि तीन सहलींचे फोटो कायमचे गेले. म्हणून वर्षातून दोनदा मी टेकआउटमधून, म्हणजे आपला सगळा साठा उतरवून देणाऱ्या गूगलच्याच सोयीतून, सगळं उतरवून घेते. त्यात एक बारीक गोष्ट आहे: आपण बदललेली तारीख आणि लिहिलेली माहिती फोटोच्या फाइलमध्ये नसते, सोबतच्या जेसन (.json) नावाच्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये येते. ती फाइल कचरा समजून काढून टाकू नका. आत्यानं सांगितलेलं सगळं माझ्याकडे त्यातच आहे.

उतरवलेलं सगळं दोन हार्ड ड्राइव्हवर आहे: एक माझ्याकडे, दुसरी भावाकडे. एका फोटोची तारीख मात्र आत्यालाही सांगता आली नाही. आजी झोपाळ्यावर एकटी बसलेली आहे. माहितीच्या चौकटीत मी फक्त तिचं नाव लिहून ठेवलंय.